रॉबर्ट बुन्सेन : ज्योतीत मूलद्रव्य शोधणारे शास्त्रज्ञ



शाळेच्या प्रयोगशाळेतला बुन्सेन बर्नर आपण सगळ्यांनी पाहिलाय. पण ज्यांच्या नावाने तो ओळखला जातो, त्यांची खरी कमाई वेगळीच आहे. तिचा संबंध थेट आपल्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या उसाशी येतो. कसा, ते बघू.

रॉबर्ट विल्हेल्म बुन्सेन यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील गॉटिंगेन येथे झाला. वयाच्या विशीतच त्यांनी डॉक्टरेट मिळवली. १८३४ मध्ये त्यांनी आर्सेनिकच्या विषबाधेवर लोहाच्या संयुगाचा उतारा शोधला. पुढे आर्सेनिकवरच काम करताना स्फोट झाला आणि त्यांच्या उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. तरी काम थांबले नाही. उरलेल्या एका डोळ्याने त्यांनी जे पाहिले, ते दोन डोळ्यांच्या जगाला दिसले नव्हते!

१८५२ मध्ये ते हायडेलबर्ग विद्यापीठात आले. पदार्थ ज्योतीत धरला की रंग येतो, हे लोकांना माहीत होते. अडचण अशी की ज्योतीलाच स्वतःचा रंग असायचा. म्हणून त्यांनी १८५५ च्या सुमारास जवळजवळ रंगहीन ज्योत देणारा बर्नर तयार करून घेतला. त्याचे पेटंट मात्र घेतले नाही.

दुसरी अडचण मिठाची. चिमूटभर मीठ असले तरी सोडियमचा पिवळा रंग बाकी सगळे झाकून टाकतो. त्यावर त्यांचे सहकारी किर्खहॉफ यांनी लोलक वापरायचे सुचवले. लोलकातून प्रकाश फाकला की प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा वेगवेगळ्या दिसतात. याच रेषांवरून १८६० मध्ये खनिज पाण्यात सिझियम सापडले. सुमारे ४० टन पाणी आटवून हाती आले काही ग्रॅम क्षार! पुढच्याच वर्षी रुबिडियम सापडले. मूलद्रव्य जो प्रकाश देते, तोच प्रकाश ते शोषूनही घेते, हे किर्खहॉफ यांनी दाखवले.

आता आपल्याकडे येऊ. प्रवरा-मुळेच्या कालव्याखालच्या चुनखडीच्या जमिनीत उसावर केवडा पडतो, पाने पिवळी पडतात. लोह कमी की जस्त? अंदाजाने खत टाकले तर शेतकऱ्याचा पैसा वाया जातो. म्हणून माती परीक्षण करायचे. त्यासाठी वापरतात ते अणुशोषण यंत्र शोषणाच्या याच नियमावर चालते. मातीचा अर्क ज्योतीत फवारतात आणि लोहाचाच प्रकाश त्यातून सोडतात. जितका प्रकाश शोषला जाईल, तितके लोह जास्त.

पण बुन्सेन यांना छळणारी अडचण इथेही आहेच. शिसे अगदी सूक्ष्म प्रमाणात मोजायचे असेल तर नमुना ग्राफाइटच्या नळीत तापवतात. क्षार घालवायला उष्णता वाढवली की शिसेही उडून जाते. म्हणून नमुन्यात पॅलेडियमसारखा मॉडिफायर मिसळतात. तो शिशाला धरून ठेवतो, तोवर क्षार निघून जातात. ज्योतीत पोटॅशियम मोजतानाही त्याचे अणू इलेक्ट्रॉन गमावतात आणि आकडा कमी येतो. तो बरोबर यावा म्हणून नमुन्यात काय घालतात, माहितीये? सिझियमचा क्षार! म्हणजे बुन्सेन यांनीच शोधलेले मूलद्रव्य.

बुन्सेन यांनी लग्न केले नाही. १८८९ पर्यंत ते विद्यार्थ्यांना शिकवत राहिले. १८९९ मध्ये हायडेलबर्ग येथे त्यांचे निधन झाले.

वर्गात किंवा घरी एवढे जरूर करा. स्वच्छ तारेचे टोक मिठाच्या पाण्यात बुडवून गॅसच्या निळ्या ज्योतीत धरा. तार चिमट्याने धरा आणि मोठ्यांनीच धरा. ज्योत पिवळी झाली की मुलांना विचारा : या पिवळ्यामागे आणखी काही लपले असेल, तर ते कसे शोधाल? उत्तर लगेच सांगू नका, त्यांना जरा डोके खाजवू द्या.