वेताच्या पेटीपासून मुक्तिसदनापर्यंत : पंडिता रमाबाई

(बी. ए. द्वितीय वर्ष)

विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर, अशी आपल्याकडे म्हण आहे. ज्याला ठावठिकाणा नाही, जो आज या गावी तर उद्या त्या गावी, त्याच्याविषयी ती काहीशा हेटाळणीने वापरली जाते. पण तेच बिऱ्हाड पैसेवाल्याने पाठीवर घेतले की त्याला सहल म्हणतात. गेल्या हिवाळ्यात एका मैत्रिणीने मला मोबाईलवर एक चित्रफीत दाखवली. अमेरिकेतले एक जोडपे मोठ्या मोटारीत संसार मांडून वाळवंटातून आणि डोंगरांतून हिंडत होते. मोटारीतच शेगडी, मोटारीतच पलंग, खिडकीबाहेर तांबडे खडक. असे चाकांवरचे घर आपल्याला मिळाले तर काय बहार येईल, असे मैत्रिणीला वाटले. मी गप्प बसले. चाकांवरचे घर मला नवे नव्हते.

मी चौथीत जाईपर्यंत दरवर्षी दसरा सरला की आमचे घर हट्ट्याहून ट्रकमध्ये चढत असे. पत्र्याची पेटी, ज्वारीचे पोते, तवा, चार भांडी, दोन कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर आम्ही पोरे. मुकादमाची उचल फेडायची म्हणजे कोयता घेऊन निघावेच लागे. एका हंगामात आमच्या टोळीच्या कोप्या दौंड तालुक्यात पडल्या होत्या. तिथे केडगावला बाजाराला जाताना मायने मला झाडांनी भरलेले एक मोठे आवार दाखवले होते. कुणा एका बाईने निराधार बायकांसाठी हे बांधले, एवढेच तिला ठाऊक होते. त्या बाई म्हणजे पंडिता रमाबाई, हे मला महाविद्यालयात आल्यावर कळले. ग्रंथालयात त्यांचे चरित्र वाचायला घेतले आणि पहिल्याच प्रकरणात माझ्या ओळखीचे बिऱ्हाड भेटले. म्हणून हा लेखनप्रपंच.

रमाबाईंचा जन्म 23 एप्रिल 1858 रोजी पश्चिम घाटातील गंगामूळ येथे झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे संस्कृतचे गाढे पंडित. स्त्रियांनाही संस्कृत यावे, असे त्यांचे मत होते आणि ते मत त्यांनी घरापासूनच आचरणात आणले. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी स्वतः शिकवले. ही गोष्ट त्या काळच्या समाजाला रुचली नाही. तेव्हा शास्त्रीबुवांनी गाव सोडून रानात आश्रम थाटला. तिथे विद्यार्थी येत, यात्रेकरू येत आणि सर्वांचे आदरातिथ्य होई. या आदरातिथ्यापायी घरावर कर्ज झाले व ते ठिकाण सोडावे लागले. त्या वेळी रमाबाई अवघ्या सहा महिन्यांच्या होत्या. वेताच्या एका मोठ्या पेटीत घालून त्यांना डोंगरावरून खाली आणण्यात आले. त्यांच्या आयुष्याचा प्रवास असा पेटीत सुरू झाला.

यापुढे या कुटुंबाला घर म्हणून राहिले नाही. एका तीर्थक्षेत्रातून दुसऱ्या तीर्थक्षेत्री जायचे, देवळात वा नदीच्या घाटावर बसून पुराण सांगायचे, श्रोते जे देतील त्यावर गुजराण करायची, आणि पुन्हा चालू लागायचे. अनंतशास्त्री वृद्ध झाले होते, त्यामुळे रमेला शिकवण्याचे काम आईकडे आले. दिवसभर चालणे, स्वयंपाक, मुलांचे करणे यांतून वेळ कुठला मिळणार? लक्ष्मीबाईंनी तो पहाटेचा काढला. उजाडण्यापूर्वी मुलीला जवळ घेऊन त्या तिला श्लोक पाठ करायला लावीत. रमाबाईंच्या शिक्षणाला शाळा नव्हती, पाटी नव्हती, हजेरीपटही नव्हता. भागवताचे हजारो श्लोक त्यांनी वाटेवरच मुखोद्गत केले. बिऱ्हाड हलते म्हणून शिक्षण थांबते, असे आपण गृहीत धरतो. लक्ष्मीबाईंनी तसे धरले नाही.

परंतु नुसत्या विद्येने पोट भरत नाही. 1874 च्या सुमारास मद्रास इलाख्यात टंचाई पडली आणि पुढे तिने भीषण दुष्काळाचे रूप घेतले. पुराण ऐकणारेच उपाशी, तर पुराणिकाला कोण देणार? भीक मागणे या कुटुंबाच्या तत्त्वात बसत नव्हते आणि मजुरी करण्याची सवय कुणाला नव्हती. होते नव्हते ते विकून झाले. पुढे उपवास सुरू झाले. प्रथम वडील गेले, मग आई, आणि काही महिन्यांच्या अंतराने थोरली बहीणही. आईची तिरडी उचलायला पुरेसे खांदेकरी मिळाले नाहीत. दोन ब्राह्मणांना दया आली, तिसरा भाऊ श्रीनिवास, आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी असल्याने त्यांना तिरडीचा आपला कोपरा डोक्यावर घेऊन चालावे लागले. हा प्रसंग वाचताना मला पुस्तक काही काळ मिटून ठेवावे लागले.

मागे राहिलेली ही दोन भावंडे चालतच राहिली. दक्षिणेतून निघून ती पार उत्तरेस काश्मीरपर्यंत गेली. हजारो मैलांचा हा प्रवास बहुतेक पायीच झाला. पंजाबात झेलमच्या काठी कडाक्याच्या थंडीत अंगावर घ्यायला पांघरूण नव्हते. तेव्हा दोघांनी वाळूत खड्डे खणले, त्यांत शिरून मानेपर्यंत कोरडी वाळू ओढून घेतली आणि रात्र काढली. कोपीत वाढे अंथरून झोपणाऱ्याला पौषातली थंडी काय असते ते माहीत असते, पण आमच्या अंगावर निदान वाकळ होती.

1878 साली ही भावंडे कलकत्त्याला पोहोचली आणि रमाबाईंचे नशीब पालटले. वीस वर्षांची एक मुलगी अस्खलित संस्कृत बोलते, शास्त्रार्थ करते, हे पाहून तेथील विद्वान थक्क झाले. परीक्षा घेऊन त्यांनी तिला पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. वाटेवर आईने दिलेली शिदोरी अशी कामास आली. मात्र याच सुमारास त्यांच्या लक्षात आले की, ज्या ग्रंथांमुळे आपला सत्कार होतो आहे, त्यांत स्त्रिया व शूद्र यांच्याविषयी जे लिहिले आहे ते आपल्याला मान्य होण्यासारखे नाही. त्यांचे मन तिथून बदलू लागले.

1880 मध्ये श्रीनिवास वारला. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी मेधावी या बंगाली वकिलाशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. जात वेगळी, भाषा वेगळी. दोन्हीकडच्या लोकांनी पाठ फिरवली. 1881 मध्ये कन्या मनोरमा जन्मली आणि फेब्रुवारी 1882 मध्ये पटकीने पतीचे निधन झाले. वयाच्या तेविसाव्या वर्षी रमाबाई विधवा झाल्या. कडेवर तान्ही मुलगी आणि पुन्हा बिऱ्हाड पाठीवर!

त्या पुण्याला आल्या. रानडे, भांडारकर प्रभृती सुधारकांनी त्यांचे स्वागत केले. 1882 मध्येच त्यांनी आर्य महिला समाज स्थापन केला, स्त्रीधर्मनीति हा ग्रंथ लिहिला आणि हंटर आयोगापुढे साक्ष देऊन स्त्रियांसाठी शिक्षिका व स्त्री-डॉक्टर तयार करण्याची मागणी केली. स्वतः वैद्यकी शिकावी म्हणून 1883 मध्ये त्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडला गेल्या. कानाच्या दोषामुळे तो बेत सोडावा लागला. त्याच वर्षी वाँटेज येथे त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पुढे चेल्टनहॅमच्या स्त्रियांच्या महाविद्यालयात त्या संस्कृत शिकवीत आणि स्वतःही शिकत. धर्मांतराच्या बातमीने महाराष्ट्रात मोठी खळबळ उडाली. काल ज्यांनी हार घातले त्यांतले पुष्कळ आज टीका करू लागले. धर्म हा ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न आहे. येथे नोंद घेण्याजोगी गोष्ट एवढीच की, रमाबाई नव्या धर्मातही गुरूने सांगितले म्हणून मान डोलावणाऱ्या नव्हत्या. तेथील धर्मगुरूंशीही त्यांनी वाद घातले.

यानंतर आला त्यांच्या आयुष्यातील सर्वांत मोठा प्रवास. कल्याणच्या आनंदीबाई जोशी या नात्याने त्यांच्या दूरच्या आप्त. आनंदीबाईंना फिलाडेल्फियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयात मार्च 1886 मध्ये पदवी मिळायची होती. त्या समारंभासाठी तेथील प्रमुख डॉ. रेचल बॉडली यांनी रमाबाईंना बोलावले. समारंभापुरत्या गेलेल्या रमाबाई अमेरिकेत दोन वर्षांहून अधिक काळ राहिल्या. बालवाडीची पद्धत शिकल्या, शाळा व संस्था पाहिल्या, आणि गावोगाव व्याख्याने देत हिंडल्या. 1887 साली त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच वर्षी डिसेंबरात बोस्टन येथे त्यांच्या कार्यासाठी एक मंडळ स्थापन झाले व त्याने हिंदुस्थानातील विधवागृहाचा दहा वर्षांचा खर्च उचलण्याचे मान्य केले.

अमेरिकेचे दोन किनारे जोडणारा पहिला लोहमार्ग 1869 मध्ये पुरा झाला होता. पूर्वेकडून पश्चिमेला जायचे म्हणजे आगगाडीने विस्तीर्ण गवताळ मैदाने, मग रॉकी पर्वताच्या रांगा आणि त्यापलीकडचा ओसाड मुलूख ओलांडूनच पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागावे लागे. त्या चित्रफितीतले जोडपे हौसेने ज्या बाजूला हिंडते, त्या बाजूला ही नऊवारी देशातून आलेली विधवा सव्वाशे वर्षांहून अधिक आधी गेली होती, आणि तीही आपल्या देशातील विधवांसाठी पैसा व सहानुभूती गोळा करीत. 1888 च्या अखेरीस त्यांनी सान फ्रान्सिस्कोहून बोट धरली व जपान, हाँगकाँग मार्गे त्या 1889 च्या आरंभी मायदेशी परतल्या.

या प्रवासाचे फळ म्हणजे युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त हा त्यांचा मराठी ग्रंथ. तो 1889 मध्ये प्रसिद्ध झाला. प्रवासवर्णन म्हणजे डोंगर, धबधबे आणि आपली गैरसोय, एवढाच अर्थ त्यांनी घेतला नाही. तेथील राज्यव्यवस्था कशी चालते, शाळा कशा आहेत, बायका संस्था कशा काढतात, हे त्यांनी आपल्या वाचकांसाठी बारकाईने मांडले. तेथील स्त्रियांनाही महाविद्यालयाचे दार सहजासहजी उघडले नव्हते, ही गोष्ट त्यांनी ध्यानात घेतली. त्या देशाबद्दल त्यांना आदर वाटला, तरी मूळ रहिवाशांवर झालेला अन्याय आणि काळ्या लोकांविषयीचा वर्णद्वेष त्यांच्या नजरेतून सुटला नाही. दुसऱ्याचे चांगले ते घ्यावे, वाईट ते वाईट म्हणावे, हा विवेक त्यांच्या ठायी होता.

परत येताच 11 मार्च 1889 रोजी त्यांनी मुंबईत शारदा सदन उघडले. पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. येथील सुरुवातीच्या विद्यार्थिनींपैकी गोदूबाई या विधवेशी 1893 मध्ये धोंडो केशव कर्वे यांचा पुनर्विवाह झाला. महर्षी कर्वे यांच्या कार्यामागे शारदा सदनाचा हा धागा आहे. त्याच वर्षी सदनात मुलींवर ख्रिस्ती धर्माचा प्रभाव पाडला जातो, असा आरोप झाला. केसरीने कडक टीका केली, रानडे व भांडारकर यांनी सल्लागार मंडळातून अंग काढून घेतले आणि अनेक पालकांनी मुली परत नेल्या. टीका करणाऱ्यांची शंका निराधार होती असे म्हणता येणार नाही, कारण रमाबाईंच्या प्रार्थनेला मुली बसत असत आणि त्यांना त्या मज्जाव करीत नसत. तथापि त्या मुलींना दुसरे छप्पर कोणते होते, हा प्रश्न उरतोच.

1896-97 चा दुष्काळ आला तेव्हा रमाबाईंना आपल्या आईबापांची आठवण झाली असेल. त्या मध्यप्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुली व बायका गोळा करून आणू लागल्या. पुण्यात प्लेग होता, तेथे इतक्या माणसांना ठेवणे शक्य नव्हते. तेव्हा केडगावच्या माळावर बिऱ्हाड पडले व तेथेच मुक्तिसदन उभे राहिले. 1900 च्या दुष्काळात गुजरातेतून आणखी मुली आल्या आणि सदनातील संख्या दोन हजारांच्या आसपास गेली. इतक्या जणींना नुसते जेवू घालून भागणार नव्हते. शेती, विणकाम, तेलघाणी, छापखाना, अंधांसाठी ब्रेल लिपीचे शिक्षण अशी कामे सुरू झाली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकाच होत्या. उत्तरायुष्यात रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर केले. जुलै 1921 मध्ये मनोरमा वारली. त्यानंतर वर्षाच्या आत, 5 एप्रिल 1922 रोजी रमाबाईंनी केडगाव येथे देह ठेवला. ती संस्था आजही तेथे काम करीत आहे.

सहा महिन्यांची असताना जिचे घर सुटले, तिने शेवटी हजारोंना घर दिले. मला रमाबाईंचे मोठेपण यात वाटते. त्यांच्या मतांविषयी दुमत होऊ शकते, पण भुकेल्या मुलीला आत घेताना त्यांनी दार अडवले नाही, याविषयी होणार नाही.

आमची माय आणि बाबा या हंगामातही कोयत्यावर गेले आहेत. कोपीवर भाकरी थापायला आणि पाणी भरायला हात लागतो म्हणून धाकट्या बहिणीला सोबत न्यायचे ठरत होते. ती सातवीत आहे. मी मायला केडगावच्या त्या आवाराची आठवण दिली आणि लक्ष्मीबाईंची गोष्ट सांगितली. मायला वाचता येत नाही, पण तिरडीची हकिकत ऐकून ती बराच वेळ बोलली नाही. बहीण आता हट्ट्यात आजीजवळ माझ्यासोबत आहे. कॉलेजची बस सकाळी लवकर असते, म्हणून मी तिचा अभ्यास पहाटे घेते.

ज्यांनी पहाटेची ही वेळ आम्हाला दाखवून दिली, त्या माता लक्ष्मीबाई आणि त्यांची कन्या पंडिता रमाबाई या दोघींना माझे विनम्र अभिवादन.