काळजीतून श्रद्धेकडे : लक्ष्मीबाई टिळक

मंडळी, ‘स्मृतिचित्रे’मधला एखादा उतारा आपल्यापैकी अनेकांनी शाळेत वाचला असेल. परीक्षा संपली आणि लक्ष्मीबाई टिळकांना आपण विसरलो. मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला गेलो आणि मराठी पुस्तकं सुटलीच. बर दुबईत राहायला आल्यावर मात्र हे पुस्तक पूर्ण वाचलं. इथे आपल्या प्रत्येकाच्या डोक्यात काही ना काही चालू असतं. कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होईल का, मुलांच्या फिया, गावाकडे एकटे असलेले आईवडील. त्यामुळे पुस्तकातला विनोद आवडलाच, पण जास्त भिडलं ते लक्ष्मीबाईंनी आपल्या काळजीचं काय केलं ते.

त्यांचा जन्म १८६८ सालचा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. माहेरच्या गोखल्यांची ही मनू. १८५७च्या बंडानंतर जवळच्या नात्यातल्या एकाला फाशी झाली आणि त्या धक्क्याने वडिलांच्या मनात सोवळ्याने घर केलं. बाजारातून आणलेला जिन्नससुद्धा धुऊन घेतल्याशिवाय घरात येत नसे. मला वाटतं, ते नुसतं कर्मठपण नव्हतं, तो भीतीचाच एक प्रकार होता. सगळं धुतलं, सगळं सांभाळलं, तर वाईट काही होणार नाही अशी समजूत. अशा घरात ही मुलगी वाढली.

लहान वयातच नारायण वामन टिळकांशी लग्न झालं. टिळक कवी, विद्वान, मनाने मोठे, पण संसाराच्या हिशेबात शून्य! पैसा हातात टिकायचा नाही, नोकरी टिकायची नाही, समोर कुणी गरजू दिसला की खिसा रिकामा. त्यामुळे घर चालवायची सगळी काळजी लक्ष्मीबाईंच्या वाट्याला. शाळा त्यांनी पाहिली नव्हती, अक्षर ओळख झाली तीही लग्नानंतर.

मग १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्या काळात याचा अर्थ काय होता, ते आज समजणं कठीण आहे. नवरा जिवंत, पण त्याच्या घरी जायचं तर जात सुटणार. पदरी लहानगा देवदत्त. लक्ष्मीबाई काही वर्षं नातेवाइकांकडे राहिल्या, त्यातला काही काळ पंढरपूरला. दुःखाने अंथरूण धरायची वेळ आली. पुढे काय, मुलाचं काय, लोक काय म्हणतील, या प्रश्नांना उत्तर नव्हतं.

शेवटी त्या नगर जिल्ह्यात टिळकांकडे गेल्या, पण स्वतःचं सोवळं घेऊनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी धर्माची सक्ती केली नाही, ही त्यांची मोठीच गोष्ट. बदल झाला तो आतून. माणसामाणसांतले भेद देवाने केलेले नाहीत, माणसांनीच केलेले आहेत, हे त्यांचं त्यांना उमगलं आणि त्यांनी सोवळं सोडून दिलं. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

आता इथून पुढे त्यांची काळजी मिटली असं कुणाला वाटत असेल, तर तसं झालं नाही. उद्याची चिंता आज करू नका, आकाशातली पाखरं बघा, अशी येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनातली शिकवण. टिळकांनी ती जरा जास्तच मनावर घेतली असं म्हणावं लागेल! घरात अनाथ मुलांची भर पडत राहिली आणि सगळ्यांची पोटं भरायची लक्ष्मीबाईंनी. १९१७ साली तर टिळकांनी मिशनची पगारी नोकरी सोडून ‘देवाचा दरबार’ सुरू केला.

परिस्थिती बदलली नाही, बदलल्या त्या लक्ष्मीबाई. पूर्वी काळजी आली की त्या खचून जायच्या, आता त्या समोरचं काम हाती घ्यायला लागल्या. प्लेगची साथ आली तेव्हा लोक आपल्या माणसांनाही हात लावायला घाबरत होते. लक्ष्मीबाई छावणीत जाऊन रुग्णांची आणि लेकरांची सेवा करत होत्या. ज्यांच्या वडिलांनी विटाळाच्या भीतीने जिन्नस धुतले, त्यांची मुलगी प्लेगच्या रुग्णांजवळ बसली. श्रद्धेने त्यांना काय दिलं याचा यापेक्षा मोठा पुरावा मला तरी दिसत नाही. आपण एकट्याने सगळं सांभाळायचं आहे हे ओझं उतरलं आणि हात मोकळे झाले.

९ मे १९१९ रोजी टिळक गेले. पन्नाशीतल्या लक्ष्मीबाईंनी पुन्हा नवी घडी बसवली. पुढे मुलाच्या कुटुंबाबरोबर त्या काही काळ कराचीला राहिल्या. म्हणजे आपल्यासारखंच परक्या गावात बिऱ्हाड. इथल्या बाजारात कराचीची माणसं आपल्याला रोज भेटतात, त्याच शहरात ही नाशिकची बाई राहिली होती, हे वाचून मला उगाचच जवळीक वाटली.

टिळकांचं ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य सुरुवातीच्या अध्यायांवरच अर्धवट राहिलं होतं. शाळेत न गेलेल्या या बाईंनी पुढचे ६४ अध्याय लिहिले. ‘स्मृतिचित्रे’ही याच काळातलं. स्वतःची फजिती इतक्या मोकळेपणाने सांगणारं आत्मचरित्र मराठीत विरळाच. जुन्या दुःखांवर हसता येणं, हेही मन निर्धास्त झाल्याचंच लक्षण नाही का? २४ फेब्रुवारी १९३६ रोजी नाशिकला त्यांचं निधन झालं.

आपण ख्रिस्ती असू वा नसू, कुणी गणपतीपुढे हात जोडतो, कुणी विठोबापुढे. लक्ष्मीबाईंचा मार्ग त्यांचा होता आणि त्यासाठी त्यांनी जबर किंमत मोजली होती. पण श्रद्धा असणं म्हणजे संकट न येणं नव्हे, एवढं त्यांच्याकडून कुणीही शिकावं. यंदा सुट्टीत घरी जाल तेव्हा येताना चकल्या-लाडवांबरोबर ‘स्मृतिचित्रे’ची एक प्रत बॅगेत जरूर टाका. दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा!