बालमनाच्या उपासक : डॉ. मारिया मॉन्टेसरी

आपल्याकडे लहान गावातही एखाद्या बंगल्याच्या फाटकावर ‘मॉन्टेसरी’ अशी पाटी आढळते. हा शब्द आता बालवाडीचाच पर्याय झाला आहे. तो एका स्त्रीचे आडनाव आहे, ती स्त्री इटलीची होती आणि तिने आयुष्यातील बरीच वर्षे भारतात काढली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत शिक्षणविषयक लेख हवा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा याच विदुषीचे चरित्र सुज्ञ वाचकांपुढे ठेवावे असे मनात आले.

मारिया यांचा जन्म ३१ ऑगस्ट १८७० रोजी इटलीतील कियारावाले या गावी झाला. वडील सरकारी नोकरीत, आई वाचनाची आवड असलेली. मुलीने फार तर शिक्षिका व्हावे, ही वडिलांची अपेक्षा. मुलीने मात्र आधी अभियंता होण्याचे व नंतर वैद्यक शिकण्याचे ठरविले. पुरुष विद्यार्थ्यांसमवेत एका स्त्रीने शवविच्छेदन करणे त्या काळी अशोभनीय मानले जाई. म्हणून सर्वजण निघून गेल्यावर, सायंकाळी एकट्याने, मृतदेहांच्या सान्निध्यात त्यांना अभ्यास करावा लागे. १८९६ मध्ये रोम विद्यापीठाची वैद्यक पदवी त्यांनी संपादन केली. इटलीतील अगदी पहिल्या काही स्त्री डॉक्टरांपैकी त्या एक होत.

मनोरुग्णालयाशी संबंध आला तेव्हा तेथे कोंडून ठेवलेली मतिमंद बालके त्यांच्या दृष्टीस पडली. जेवण झाल्यावर ती मुले जमिनीवर सांडलेले पावाचे कण चिवडत बसत. सांभाळणारी बाई त्याला हावरटपणा म्हणे. मारिया यांना त्यात वेगळीच भूक दिसली. त्या रिकाम्या खोलीत हाताला धरण्यासारखे दुसरे काहीच नव्हते. इतार व सेगँ या फ्रेंच डॉक्टरांचे ग्रंथ त्यांनी स्वहस्ते उतरवून अभ्यासले, साधने तयार केली आणि मुलांना शिकविले. त्यांतील काही मुले सर्वसामान्य मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली. लोकांनी कौतुक केले, पण त्यांना प्रश्न पडला तो निराळाच : ही मुले येथवर येऊ शकतात, तर निरोगी मुलांना आमच्या शाळा इतके मागे का ठेवतात?

याच काळात त्यांच्या जीवनात एक दुःख आले, ते त्यांनी जगापासून लपविले. सहकारी डॉ. मोंतेसानो यांच्यापासून १८९८ मध्ये त्यांना मारिओ हा पुत्र झाला. विवाह झाला नव्हता. त्या काळच्या समाजात ही गोष्ट उघड झाली असती, तर त्यांचे कार्य तेथेच संपले असते. बाळ खेड्यातील एका कुटुंबाकडे वाढविण्यास दिले गेले. मोंतेसानो यांनी पुढे अन्यत्र विवाह केला. मारिया अधूनमधून मुलाला भेटून येत, परंतु आई म्हणून नव्हे. जगातील बालकांचे मन जाणणाऱ्या या मातेला स्वतःच्या बाळाचे बालपण पाहता आले नाही. याचा न्यायनिवाडा करणे आपले काम नाही. चरित्र लिहिताना ते वगळणेही मला योग्य वाटले नाही.

६ जानेवारी १९०७ रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले ‘बालगृह’ सुरू झाले. त्यामागचे कारण अगदी व्यवहारी होते. एका कंपनीने तेथील चाळी दुरुस्त केल्या होत्या. आईबाप कामावर गेले की मुले भिंती खराब करीत, तेव्हा त्यांना कोठेतरी गुंतवून ठेवावे एवढाच मालकांचा हेतू. सुमारे पन्नास मुले जमली, भेदरलेली, रडवेली.

येथे जे घडले ते मुळातून समजून घेण्यासारखे आहे. तीन वर्षांची एक मुलगी लाकडी ठोकळ्यातील खाचांत दट्ट्ये बसवीत होती. इतर मुलांनी भोवती गाणी म्हटली, तिला खुर्चीसकट उचलून टेबलावर ठेवले, तरी तिचे लक्ष विचलित झाले नाही. चाळीसहून अधिक वेळा तिने तेच काम केले आणि मग प्रसन्न चेहऱ्याने थांबली. एकदा कपाटाला कुलूप लावायचे राहिले, तर मुलांनी आपापली साधने स्वतः निवडून काम सुरू केले. तेव्हापासून मुलांच्या हाताला येतील अशी उघडी, बुटकी कपाटे आली. बक्षिसे व शिक्षा दोन्ही बंद झाल्या, कारण मुलांना त्यांची गरजच उरली नव्हती. खरखरीत कागदाची अक्षरे बोटांनी गिरविता गिरविता चार-पाच वर्षांची मुले एके दिवशी आपणहून लिहू लागली.

बटणे, हूक, नाडी लावण्याच्या चौकटी या साधनांत आहेत. डोळे झाकून रेशीम, मखमल, लोकर, सुती अशी कापडे केवळ स्पर्शाने ओळखून जोड्या लावण्याचा खेळही आहे. पेढीवर नव्या मुलाला पोत ओळखायला शिकविताना आमचे वडीलही हेच करीत. त्यासाठी कोणा इटालियन बाईंनी शास्त्र रचले असेल, याची आम्हाला कल्पना नव्हती. आणखी एक पाठ मौनाचा. सारी मुले निश्चल बसून आपला श्वास ऐकतात, मग हळू आवाजात ज्याचे नाव उच्चारले जाईल तो पाऊल न वाजविता उठतो. सामायिकाची सवय असलेल्या आपल्या घरांतून तरी त्याचे महत्त्व वेगळे सांगावे लागू नये.

हां हां म्हणता त्यांची कीर्ती जगभर पसरली. १९१३ मध्ये अमेरिकेत त्यांचे मोठे स्वागत झाले. पुढे तेथील विद्वानांच्या टीकेने ती लाट ओसरली व १९६० नंतर पुन्हा उसळली. मुसोलिनीने प्रथम त्यांच्या शाळांना आश्रय दिला. मुलांनी हुकमाप्रमाणे चालावे ही त्याची इच्छा, स्वतः विचार करावा ही यांची. १९३४ मध्ये त्यांनी इटली सोडली. जर्मनीतही त्यांच्या शाळा बंद पाडण्यात आल्या. त्याच वर्षांत त्या युरोपभर शांततेवर व्याख्याने देत फिरत होत्या. आरंभी त्यांनी मुसोलिनीचा आश्रय घेतला, याबद्दल त्यांना दोष देणारे आहेत व तो दोष अगदीच निराधार नाही.

१९३९ मध्ये थिऑसॉफिकल सोसायटीच्या निमंत्रणावरून त्या मारिओंसह मद्रासजवळच्या अड्यार येथे आल्या. काही महिन्यांसाठी आलेल्या या पाहुण्या महायुद्धामुळे १९४६ पर्यंत येथेच राहिल्या. जून १९४० मध्ये इटली युद्धात उतरताच ब्रिटिश सरकारने मारिओंना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून आपल्या अहमदनगरच्या (आजचे अहिल्यानगर) छावणीत स्थानबद्ध केले. बाईंना अड्यारचे आवार सोडण्यास मनाई झाली. तोवर मारिओ लोकांपुढे त्यांचे भाचे किंवा दत्तक पुत्र म्हणूनच वावरत. ३१ ऑगस्टला बाईंच्या सत्तराव्या वाढदिवशी व्हाइसरॉयने त्यांच्या सुटकेचे आदेश दिले. वाढदिवसाची भेट म्हणून त्यांचा मुलगा त्यांना परत देत असल्याची तार आली, असे चरित्रकार सांगतात.

त्यानंतर कोडाईकनालच्या डोंगरात मायलेकांनी वनस्पती, कीटक, दगड यांच्या आधारे मोठ्या मुलांचा अभ्यासक्रम रचला. सृष्टीतील प्रत्येक जीव दुसऱ्याच्या उपयोगी पडत असतो, हे त्याचे सूत्र. आपल्या जैन प्रतीकाखाली लिहिलेल्या परस्परोपग्रहाचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही.

अहमदाबादेतही त्यांनी अध्यापकवर्ग घेतले. तेथील कॅलिको मिलचे मालक, जैन समाजाचे भूषण अंबालाल साराभाई व त्यांच्या पत्नी सरलादेवी यांनी आपल्या आठ अपत्यांसाठी याच पद्धतीची शाळा घरी चालविली होती. भारताच्या अंतराळ संशोधनाचे जनक डॉ. विक्रम साराभाई त्याच शाळेत शिकले. गिजुभाई बधेका यांनी १९२० मध्ये भावनगरला बालमंदिर काढले. त्यांच्या सहकारी ताराबाई मोडक यांनी हे कार्य दादर, बोर्डी आणि कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेले. महागडी लाकडी साधने परवडणार नाहीत हे ओळखून त्यांनी बिया, शंख-शिंपले, दगड वापरले. माझ्या मते मॉन्टेसरींचा खरा अर्थ त्यांनाच कळला होता. साधनांचा संच विकत आणून तीन वर्षांच्या मुलांना गृहपाठ देणाऱ्या शाळांना तो कळला, असे म्हणवत नाही. ते नाव कोणाच्याही मालकीचे नाही, त्यामुळे पाटी कोणीही लावू शकतो.

६ मे १९५२ रोजी हॉलंडमधील नूर्डवाइक येथे बाईंचे निधन झाले. इटलीने १९९० मध्ये हजार लिरांच्या नोटेवर त्यांचे चित्र छापले. युरो येईपर्यंत ती नोट तेथील बाजारात फिरत होती. मृत्युपत्रात त्यांनी मारिओंचा उल्लेख आपला पुत्र असा केला होता. त्यांनी स्थापिलेल्या आंतरराष्ट्रीय संस्थेचे काम मारिओंनी १९८२ मध्ये मृत्यू येईपर्यंत सांभाळले.