हृदयाचे दान आणि डॉ. प्रफुल्लकुमार सेन

आपल्या परंपरेत आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान अशी चतुर्विध दाने सांगितली आहेत. ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेसाठी चरित्रलेख लिहावयाचा ठरला, तेव्हा या चारांपैकी तीन दानांचे प्रश्न ज्यांच्या आयुष्यात एकत्र उभे राहिले अशा एका शल्यविशारदाची आठवण झाली. डॉ. प्रफुल्लकुमार सेन हे जन्माने बंगाली, कर्माने मुंबईकर. परळच्या के. ई. एम. रुग्णालयात हृदयाच्या आणि रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

ज्या संस्थेत ते घडले तिच्या मुळाशीही दानच होते, हे आपण व्यापारी मंडळींनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. शेठ गोवर्धनदास सुंदरदास या व्यापाऱ्याच्या संपत्तीतून त्यांच्या विश्वस्तांनी वैद्यकीय महाविद्यालयासाठी रक्कम दिली, आणि देताना एक अट घातली : या महाविद्यालयातील अध्यापक भारतीयच असावेत. त्या काळी वरच्या जागा इंग्रज डॉक्टरांसाठी राखीव असत. महानगरपालिकेने अट मान्य केली आणि १९२६ साली परळ येथे रुग्णालय व महाविद्यालय सुरू झाले. कोलकात्यात १९१५ साली जन्मलेले आणि नागपुरात शिकलेले प्रफुल्लकुमार याच महाविद्यालयात दाखल झाले व १९३८ साली पदवीधर झाले. पुढे अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे प्रशिक्षण घेऊन ते पुन्हा परळला परतले. परदेशी राहण्याचा मोह त्यांनी धरला नाही.

त्या काळी गरिबांच्या वस्तीत ऱ्हुमॅटिक तापाचे प्रमाण मोठे होते. लहानपणी घसा धरतो, ताप येतो, सांधे सुजतात; पुढे काही वर्षांनी हृदयाची झडप आकसून तिचे तोंड अरुंद होते आणि ऐन तारुण्यात माणसाला जिना चढवत नाही. १९५० नंतर के. ई. एम.मध्ये डॉ. सेन यांनी अशा रुग्णांवर शस्त्रक्रिया करण्यास प्रारंभ केला. हृदयाच्या वरच्या कप्प्यातून बोट आत घालून, धडधडत्या हृदयातच, चिकटलेली झडप मोकळी करावयाची अशी ती रीत होती. त्यास मोठी यंत्रसामग्री लागत नसे. पालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्या गिरणी कामगाराला परवडेल असे ते औषधदान होते. पुढे शरीर थंड करून काही मिनिटे रक्तप्रवाह थांबवायचा व तेवढ्या अवधीत हृदय उघडून आतील छिद्र बुजवायचे, येथपर्यंत त्यांच्या विभागाने मजल मारली.

हृदयाइतकेच लक्ष त्यांनी रक्तवाहिन्यांकडे दिले. तरुण स्त्रीपुरुषांच्या महारोहिणीला व तिच्या शाखांना सूज येऊन त्या आतून बंद होत जातात, मनगटाला नाडी लागत नाही, किंवा मूत्रपिंडाकडे जाणारी रोहिणी आकसल्याने विशीतच रक्तदाब वाढतो, असा एक आजार आपल्याकडे बराच आढळे. डॉ. सेन आणि त्यांचे सहकारी डॉ. किणरे, डॉ. केळकर व डॉ. परुळकर यांनी अशा १०१ रुग्णांचा अभ्यास करून १९७३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. हे त्यांचे ज्ञानदान होय. त्याच काळात जगभर रुग्णाच्या निकामी रोहिणीच्या जागी विणलेल्या कापडाची नळी बसविण्याची पद्धत रूढ होत होती. ते कापड रक्त झिरपणार नाही इतके घट्ट आणि शरीराच्या पेशी त्यात रुजतील इतके सच्छिद्र असावे लागते. ताणाबाणा पारखण्यात आयुष्य घालविलेल्या आम्हा कापडवाल्यांना हे वाचून नवल वाटते आणि थोडा अभिमानही.

डॉ. सेन यांची बुद्धी स्वतंत्र होती. सापासारख्या सरपटणाऱ्या प्राण्यांच्या हृदयाच्या स्नायूला बरेचसे रक्त थेट हृदयाच्या कप्प्यातूनच मिळते, हे पाहून त्यांनी विचार केला की, ज्या माणसाच्या हृदयाच्या रोहिण्या बंद पडल्या आहेत त्याच्या हृदयाच्या भिंतीला सूक्ष्म छिद्रे पाडली तर काय होईल? १९६५ साली त्यांनी हे प्रयोग प्रसिद्ध केले. दोन दशकांनंतर परदेशात लेझर किरणांनी अशीच छिद्रे पाडण्याची पद्धत निघाली. तिच्या उपयुक्ततेविषयी तज्ज्ञांत मतभेद राहिले. पण त्या वाटेवर परळच्या रुग्णालयाने आधी पाऊल टाकले होते, ही गोष्ट नोंदण्यासारखी आहे.

आता जे लिहावयाचे ते आपल्यासारख्यांना जड जाणारे आहे. हृदयारोपणाची पूर्वतयारी डॉ. सेन यांच्या चमूने अनेक वर्षे प्रयोगशाळेत कुत्र्यांवर केली. मोकाट कुत्र्यांच्या हत्येवरून १८३२ साली ज्या मुंबईत दंगल उसळली, आणि त्यानंतर दोन वर्षांनी सर जमशेटजी जीजीभाई व शेठ मोतीचंद अमीचंद यांच्या पुढाकाराने भुलेश्वरला पांजरापोळ उभी राहिली, तीच ही मुंबई. ज्या जीवाला आपल्या पूर्वजांनी अभयदान दिले, त्याच जीवाच्या बळावर हे शास्त्र पुढे गेले. त्याचे समर्थन येथे करावयाचे नाही; मात्र ते झाकून चरित्र लिहिणे हाही असत्याचा दोष होईल. ज्या घरातील माणूस हृदयाच्या शस्त्रक्रियेने वाचला आहे, त्या घराने प्रतिक्रमण करताना या मुक्या जीवांचेही स्मरण ठेवावे आणि खमावून घ्यावे, एवढेच म्हणता येईल. प्राण्यांशिवाय संशोधन करण्याच्या ज्या नव्या वाटा आज निघत आहेत, त्यांना धनाचे साहाय्य देणे हेही आपल्या समाजाचे काम आहे.

डिसेंबर १९६७ मध्ये केपटाऊन येथे डॉ. बर्नार्ड यांनी माणसाचे पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण १८ दिवस जगला. त्यानंतर अडीच महिन्यांच्या आत, फेब्रुवारी १९६८ मध्ये, के. ई. एम.मध्ये डॉ. सेन यांनी हृदयारोपण केले. जगातील ते सहावे, आणि अशी शस्त्रक्रिया करणारे डॉ. सेन चौथे शल्यविशारद. रुग्ण हृदयाच्या स्नायूच्या विकाराने जर्जर झालेला तरुण शेतकरी होता. हृदय रेल्वेच्या अपघातात सापडलेल्या एका तरुणीचे होते. नवे हृदय धडधडू लागले, परंतु रुग्ण सुमारे तीन तासच जगला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी दुसरा प्रयत्न केला. तो रुग्ण सुमारे चौदा तास जगला.

यानंतर टीकेचे मोहोळ उठले. मेंदू मृत झाला म्हणजे माणूस मृत झाला, असे मानणारा कायदा तेव्हा आपल्या देशात नव्हता. संमती, नीती, गरीब देशातील खर्च असे सर्व प्रश्न विचारले गेले आणि ते गैरलागू नव्हते. सरकारने १९६९ साली त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले; पण दुसऱ्या प्रयत्नानंतर त्यांनी हृदयारोपण पुन्हा केले नाही. १९६८ या एका वर्षात जगात शंभराच्या आसपास हृदयारोपणे झाली आणि बहुतेक रुग्ण लवकरच दगावले, कारण परके हृदय शरीर नाकारते आणि त्यावर प्रभावी औषध तेव्हा हाती नव्हते. ते १९८० नंतर आले. डॉ. सेन १९८२ साली निवर्तले. त्याचा सुपरिणाम पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. पुढे जाण्याचे धैर्य अनेकांपाशी असते, परंतु थांबण्याचा संयम थोड्यांपाशी असतो. मला त्यांचा मोठेपणा तेथे दिसतो.

देशाने पुढची पायरी चढावयास २६ वर्षे घेतली. १९९४ साली मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा झाला आणि त्याच वर्षी ३ ऑगस्ट रोजी दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी यशस्वी हृदयारोपण केले. मुंबईत यशस्वी हृदयारोपण व्हावयास २०१५ साल उजाडले. आणि जुलै २०२४ मध्ये खुद्द के. ई. एम.मध्ये, ५६ वर्षांनी, पुन्हा हृदयारोपण झाले. पालिकेच्या रुग्णालयात लावलेले रोप पालिकेच्याच रुग्णालयात पुन्हा पालवले.

आता यंत्रे आहेत, औषधे आहेत, कायदा आहे. चार डॉक्टर तपासणी करतात, किमान सहा तासांच्या अंतराने ती पुन्हा करतात, तेव्हाच मेंदू मृत झाल्याचा निर्णय होतो. उणीव राहते ती दात्यांची. काढलेले हृदय साधारण चार तासांत दुसऱ्या देहात बसवावे लागते, म्हणून त्या कठीण घडीला विचार करण्यास नातेवाइकांना फारसा अवधी नसतो. तो विचार घरात आधीच झालेला असावा. देह पर आहे आणि आत्मा स्व आहे, हे भेदविज्ञान आपण बालपणापासून ऐकत आलो. आत्मा निघून गेल्यावर मागे उरलेल्या देहाचाही परिग्रह कशासाठी? कोणाच्या मनात शंका असेल तर गुरुमहाराजांना जरूर विचारावे. पण विषय टाळू नये.

त्या अनोळखी तरुणीच्या आप्तांनी १९६८ साली, पाठीशी कायदा नसताना, पुढे काय होईल याची खात्री नसताना, हे दान दिले होते. या सुवर्ण महोत्सवी वर्षात ट्रस्टच्या प्रत्येक सभासद कुटुंबाने एका संध्याकाळी एकत्र बसून या विषयावर बोलावे, ही नम्र विनंती. डॉ. सेन यांच्या स्मृतीस याहून उचित वंदन दुसरे नसेल.

जय जिनेंद्र.