वसईचा दुभाषा, नागासाकीचा रक्तसाक्षी

इतिहासात काही चरित्रे अशी असतात की, ती ऐकताना कल्पित कथाच वाटावी. संत गोन्सालो गार्सिया यांचे चरित्र त्यांपैकी एक. शिंदखेडा परिसरात आम्ही ते सांगू लागलो की ऐकणारे हमखास विचारतात : चारशेहून अधिक वर्षांपूर्वी वसईचा एक मुलगा जपानला गेला, तेथील सत्ताधीशासमोर जपानी भाषेत बोलला आणि पुढे त्याच देशात क्रुसावर मरण पावला, हे खरे कसे मानावे? शंका स्वाभाविक आहे. म्हणून दंतकथा बाजूला ठेवून, जे निश्चितपणे घडले तेवढेच आम्ही येथे मांडत आहोत.

१५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या ताब्यात आली. तेथेच १५५६च्या सुमारास गोन्सालो यांचा जन्म झाला. वडील पोर्तुगीज, तर आई वसईचीच. येशूसंघीय धर्मगुरूंच्या छायेत त्यांचे बालपण गेले आणि वयाच्या सुमारे पंधराव्या वर्षी त्यांच्यासोबत ते जपानला पोहोचले. तेथील भाषा त्यांनी इतक्या लवकर आत्मसात केली की, धर्मशिक्षक म्हणून ते लोकांत सहज मिसळू लागले. आठ वर्षे ही सेवा केल्यावर येशूसंघात प्रवेश मिळावा, अशी त्यांची उत्कट इच्छा होती. ती पूर्ण झाली नाही.

निराश होऊन ते व्यापाराकडे वळले. व्यापार उत्तम चालला, पैसा मिळाला. परंतु मनातील ओढ काही गेली नाही. अखेर फिलिपिन्समधील मनिला येथे ते फ्रान्सिस्कन संघाच्या संपर्कात आले. व्यापार सोडून, धर्मगुरू म्हणून नव्हे तर साधे ब्रदर म्हणून त्यांनी व्रते घेतली.

त्यावेळी जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी यांच्या हाती होती. मिशनऱ्यांनी देश सोडावा, असा हुकूम त्यांनी १५८७ सालीच काढला होता. अशा परिस्थितीत मनिलाच्या स्पॅनिश गव्हर्नरने १५९३ साली फादर पेद्रो बाप्तिस्ता यांच्या नेतृत्वाखाली एक शिष्टमंडळ जपानला पाठविले. फादरांना जपानी येत नव्हती. दुभाषा म्हणून निवड झाली ती ब्रदर गोन्सालो यांची. दोन राज्यांमधील बोलणी वसईच्या या सुपुत्राच्या मुखातून होऊ लागली. हिदेयोशींनी त्यांना राहण्यास अनुमती दिली. क्योतो येथे फ्रान्सिस्कनांनी मठ व चर्च उभारले आणि समाजाने दूर लोटलेल्या कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालय सुरू केले.

१५९६च्या ऑक्टोबरमध्ये सान फेलिपे हे स्पॅनिश जहाज वादळात सापडून जपानच्या किनाऱ्याला लागले. त्यावरील मौल्यवान माल जप्त झाला, वाद पेटला आणि परकीय मिशनऱ्यांविषयीचा संशय बळावला. डिसेंबरमध्ये ब्रदर गोन्सालो व त्यांच्या सहकाऱ्यांना अटक झाली. जानेवारी १५९७मध्ये क्योतो येथे बंदिवानांचे डावे कान कापून त्यांची धिंड काढण्यात आली. त्यानंतर ऐन हिवाळ्यात सुमारे महिनाभर त्यांना नागासाकीपर्यंत नेण्यात आले. प्रवासास निघाले तेव्हा ते २४ जण होते. वाटेत आणखी दोघांची भर पडली.

५ फेब्रुवारी १५९७ रोजी निशिझाका टेकडीवर २६ क्रूस उभे राहिले. त्यांवर ६ फ्रान्सिस्कन, ३ येशूसंघीय आणि १७ प्रापंचिक होते. त्यांतील लुई इबाराकी हा अवघा बारा वर्षांचा होता. क्रुसाला बांधून भाल्यांनी त्यांना ठार करण्यात आले. ज्या संघाचे दार गोन्सालो यांना उघडले नव्हते, त्याच संघाचे तिघे त्या दिवशी त्यांच्यासोबत क्रुसावर होते. विश्वास ठेवण्यास कठीण अशा या चरित्रातील आम्हांला सर्वांत अधिक भिडणारी गोष्ट हीच आहे.

१६२७ साली पोप आठवे अर्बन यांनी त्यांना धन्यवादित घोषित केले. त्यानंतर तब्बल २३५ वर्षांनी, ८ जून १८६२ रोजी, पोप नववे पायस यांनी या सर्व रक्तसाक्षींना संतपद बहाल केले. अशा प्रकारे गोन्सालो गार्सिया हे भारतात जन्मलेले पहिले संत ठरले. २००८ साली संतपदी विराजमान झालेल्या संत अल्फोन्सा या पहिल्या भारतीय महिला संत होत. या दोन गोष्टींत पुष्कळांची गल्लत होते.

कथा येथेही संपत नाही. जपानमध्ये १६१४पासून ख्रिस्ती धर्मावर देशव्यापी बंदी होती आणि तेथील ख्रिस्तसभा संपली, असेच जगाला वाटत होते. या २६ संतांना समर्पित केलेले ओउरा चर्च १८६५ साली नागासाकी येथे उभे राहिले. त्याच वर्षी मार्चमध्ये जवळच्या उराकामी गावातील काही लोक तेथे आले आणि आपण त्याच श्रद्धेचे आहोत, असे त्यांनी फादर पेतीजाँ यांना हळूच सांगितले. दोनशेहून अधिक वर्षे धर्मगुरूंविना, पिढ्यानपिढ्या गुप्तपणे त्यांनी श्रद्धा जपली होती.

आमच्या तालुक्यात अनेकांच्या घरी अहिराणी, शाळेत मराठी आणि बाजारात गुजराती व हिंदीही कानी पडते. परक्याची भाषा शिकणे म्हणजे त्याच्या दारी जाणे, हे आम्ही रोज अनुभवतो. जे हवे होते ते संत गोन्सालो यांना मिळाले नाही. जवळ होती ती भाषा, आणि तीच त्यांनी देवाच्या हाती दिली. शिंदखेड्याहून रेल्वेने सुरतमार्गे वसईला जाणाऱ्या भाविकांनी तेथील किल्ल्यात क्षणभर थांबावे. नाकारल्या गेलेल्या माणसाचे देव काय करतो, याचे उत्तर त्या मातीत आहे.