जुन्या मोटारीत डिझेल इंजिन

मी कॉन्व्हेंटवाला, शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. गेल्या सेमला थर्मोचा पेपर राहिला आणि मी पार खचलो होतो. तेव्हा क्लेसी कमिन्सबद्दल वाचलं.

क्लेसीचा जन्म १८८८ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. शाळा फक्त आठवीपर्यंत. पुढे तो कोलंबस गावातल्या विल्यम अर्विन या बँकरचा ड्रायव्हर झाला. अर्विनच्याच पैशावर १९१९ साली डिझेल इंजिनांची कंपनी निघाली. पण दहा वर्षं पैसा नुसता जातच राहिला, त्यात १९२९ साली शेअर बाजार कोसळला. कंपनी बंद पडायची वेळ आली.

पठ्ठ्याने काय केलं? एक जुनी पॅकार्ड मोटार घेतली, तिचं पेट्रोल इंजिन उतरवलं आणि आपलं अवजड डिझेल इंजिन तिथे कसंबसं बसवलं. नाताळच्या दिवशी अर्विनसाहेबांना त्यातून फिरवून आणलं. साहेब खूश! पुन्हा पैसे मिळाले. जानेवारी १९३० मध्ये हीच गाडी त्याने इंडियानापोलिसहून न्यूयॉर्कला नेली. अंतर सुमारे पावणेतेराशे किलोमीटर, इंधनाचा खर्च १ डॉलर ३८ सेंट!

१९६२ साली किर्लोस्करांबरोबर ही कंपनी आपल्या पुण्यात आली. १९६८ मध्ये क्लेसी गेला. आज तिकडचे हौशी लोक जुन्या पिकअपमध्ये कमिन्सचं इंजिन बसवतात, ती वाट त्याचीच.

त्याने नुसता हिशेब मांडला नाही, गाडी चालवून दाखवली. मीही थर्मोला पुन्हा बसतोय.