यंत्राला विचार शिकवू पाहणारा जगज्जेता

बुद्धिबळाच्या पटावर माणूस यंत्राकडून हरतो, ही गोष्ट आता बातमी राहिलेली नाही. १९९७ च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे विद्यमान जगज्जेता गॅरी कास्पारोव याला ‘डीप ब्लू’ या संगणकाने साडेतीन विरुद्ध अडीच गुणांनी नमविले, तेव्हा जगभर खळबळ उडाली होती. आज खिशातल्या मोबाइलवर चालणारी बुद्धिबळाची आज्ञावली कोणाही जगज्जेत्याला सहज हरवू शकते आणि त्याचे कोणाला नवल वाटत नाही. नवल वाटावे अशी गोष्ट निराळीच आहे. कास्पारोवच्या गुरूंनी आपल्या आयुष्याची अखेरची तीस वर्षे यंत्राला बुद्धिबळ शिकविण्याच्या प्रयत्नात घालविली होती. ते स्वतः तीन वेळा जगज्जेते झाले होते. यंत्र एक दिवस माणसाच्या पुढे जाईल याबद्दल त्यांच्या मनात संदेह नव्हता. मात्र ज्या मार्गाने ते अखेर पुढे गेले, तो मार्ग त्यांना कधीच मान्य झाला नाही. मिखाईल मोइसेयेविच बोत्विनिक यांच्या या हट्टाची कथा केवळ बुद्धिबळपटूंनीच नव्हे, तर शिकणाऱ्या आणि शिकविणाऱ्या प्रत्येकाने समजून घ्यावी अशी आहे.

अभियंता आणि जगज्जेता

बोत्विनिक यांचा जन्म १७ ऑगस्ट १९११ रोजी सेंट पीटर्सबर्गजवळील कुओक्काला या गावी झाला. वडील दातांच्या कवळ्या बनविणारे तंत्रज्ञ, तर आई दंतवैद्य. बुद्धिबळाची ओळख त्यांना बाराव्या वर्षी, म्हणजे या खेळाच्या मानाने उशिराच झाली. पण पुढे दोनच वर्षांनी, १९२५ मध्ये, त्या वेळचा जगज्जेता कापाब्लांका लेनिनग्राडमध्ये एकाच वेळी अनेकांशी खेळावयास बसला असता चौदा वर्षांच्या बोत्विनिक यांनी आपल्या पटावर त्याला हरविले. १९३१ मध्ये ते सोविएत संघाचे विजेते झाले. १९३६ च्या नॉटिंगहॅम येथील स्पर्धेत त्यांनी कापाब्लांकाच्या बरोबरीने पहिला क्रमांक पटकाविला. सोविएत राजवटीला आपल्या व्यवस्थेचे श्रेष्ठत्व सिद्ध करणारा वीर हवा होता आणि बोत्विनिक यांनी ती भूमिका मनःपूर्वक स्वीकारली. ते निष्ठावंत कम्युनिस्ट होते. तथापि, १९७६ मध्ये देश सोडून गेलेल्या कोर्चनॉय याच्या निषेधाच्या पत्रकावर ग्रँडमास्टरांच्या सह्या घेण्यात आल्या, तेव्हा सही न करणाऱ्या मोजक्या लोकांत त्यांचा समावेश होता, हेही नमूद केले पाहिजे.

१९४६ मध्ये जगज्जेता अलेखिन याच्या मृत्यूनंतर ते पद रिकामे झाले. १९४८ मध्ये हेग आणि मॉस्को येथे पाच खेळाडूंची स्पर्धा झाली. बोत्विनिक यांनी वीसपैकी चौदा गुण मिळवून आणि दुसऱ्या क्रमांकाच्या स्मिस्लोवला तीन गुणांनी मागे टाकून जगज्जेतेपद मिळविले. पुढील पंधरा वर्षांचा इतिहास त्यांच्या स्वभावाचा आरसा आहे. १९५७ मध्ये स्मिस्लोवने त्यांना हरविले. पुढच्याच वर्षी त्यांनी ते पद परत घेतले. १९६० मध्ये तेवीस वर्षांच्या मिखाईल ताल याने आपल्या धाडसी खेळाने त्यांना चारी मुंड्या चीत केले. वर्षभरात एकोणपन्नास वर्षांच्या बोत्विनिक यांनी तालला तेरा विरुद्ध आठ गुणांनी परतवून लावले. १९६३ मध्ये पेत्रोस्यानकडून हरल्यावर मात्र परतीच्या सामन्याचा हक्कच रद्द झालेला होता. १९७० मध्ये त्यांनी स्पर्धांतून निवृत्ती पत्करली.

या पुनरागमनांचे रहस्य प्रतिभेत जितके होते, त्याहून अधिक पद्धतीत होते. बोत्विनिक हे व्यवसायाने विद्युत अभियंता होते. जगज्जेतेपद भूषवीत असतानाच, १९५१ मध्ये, त्यांनी तंत्रशास्त्रातील डॉक्टर ही पदवी संपादन केली. अभियंता बिघडलेले यंत्र उघडून पाहतो, तसे ते आपले हरलेले डाव उघडून पाहात. धुराचा त्रास होतो असे ध्यानात आल्यावर त्यांनी रागोझिन या मित्राबरोबर सरावाचे डाव मांडले आणि समोरून तोंडावर सिगारेटचा धूर सोडवून घेत खेळण्याची सवय केली. आपल्या डावांचे विश्लेषण छापून प्रसिद्ध करावे, म्हणजे आपल्या नजरेतून सुटलेली चूक जगातला कोणीतरी दाखवील, हा त्यांचा आग्रह होता. त्या काळी डाव पाच तासांत संपला नाही, तर पुढची चाल बंद पाकिटात ठेवून तो तहकूब होत असे आणि रात्रभर खल करून खेळाडू दुसऱ्या दिवशी पटावर येत. त्या रात्रीच्या एकांतात, वहीपेन्सिल घेऊन सत्य शोधण्यात बोत्विनिक यांचा हात धरणारे फार थोडे होते.

‘पायोनियर’चा हट्ट

ही पद्धत जर इतकी शिस्तबद्ध आहे, तर ती यंत्राला का शिकविता येऊ नये, हा प्रश्न अभियंत्याला पडणे स्वाभाविक होते. अमेरिकन शास्त्रज्ञ क्लॉड शॅनन यांनी १९५० मध्येच एका निबंधात या समस्येची मांडणी केली होती. पटावरच्या कोणत्याही स्थितीत सरासरी तीसेक चाली संभवतात. दोन्ही बाजूंची एकेक चाल धरली तर सुमारे हजार, आणि प्रत्येकी तीन चाली धरल्या तर सुमारे शंभर कोटी स्थिती निर्माण होतात. शॅनन यांच्या मते यंत्रापुढे दोन मार्ग होते. ठराविक खोलीपर्यंतच्या सर्व चाली सरसकट तपासावयाच्या, हा एक. आणि निवडक, अर्थपूर्ण चालीच तेवढ्या खोलवर तपासावयाच्या, हा दुसरा. १९६५ मध्ये शॅनन मॉस्कोला आले असता या दोघांची भेट झाली आणि एक डावही झाला. त्यात शॅनन हरले, हे सांगावयास नकोच.

बोत्विनिक यांनी निःसंकोचपणे दुसरा मार्ग निवडला. निष्णात खेळाडू हजारो चाली तपासत नाही. कोणते मोहरे कोणत्या लक्ष्यावर, कोणत्या वाटेने चालून जाऊ शकते, ती वाट कोण अडवील, अडविणाऱ्याला कोण रोखील, एवढेच तो पाहतो. बाकीचा पट त्याच्या दृष्टीने जणू अंधारात असतो. ही निवड नियमबद्ध करून यंत्राला दिली, तर यंत्र माणसासारखा विचार करील, अशी त्यांची धारणा होती. १९६८ मध्ये त्यांनी या विषयावर पुस्तक लिहिले आणि पुढे गणितज्ञांच्या साहाय्याने ‘पायोनियर’ या आज्ञावलीची उभारणी सुरू केली. तिने काही अवघड रचना सोडविल्या. त्याच कल्पना सोविएत संघातील वीजकेंद्रांच्या दुरुस्तीचे वेळापत्रक आखण्याच्या कामीही आणल्या गेल्या. परंतु ‘पायोनियर’ एकही संपूर्ण डाव कधी खेळू शकली नाही.

दरम्यान दुसरा पक्ष पुढे सरकत होता. मॉस्कोच्याच शास्त्रज्ञांनी सरसकट तपासणीच्या मार्गाने घडविलेली ‘काइसा’ ही आज्ञावली १९७४ मध्ये स्टॉकहोम येथे संगणकांची पहिली जगज्जेती ठरली. १९७७ मध्ये टोरांटो येथील पुढच्या स्पर्धेत बोत्विनिक प्रेक्षकांत होते. ‘काइसा’ने एका डावात अचानक आपला हत्ती फुकट देऊन टाकला. यंत्रात काही बिघाड झाला असावा, असे सभागृहातील जाणकारांना वाटले आणि बोत्विनिक यांनाही वेगळे वाटले नाही. डाव ‘काइसा’ने गमावला. नंतर तपासणी झाली तेव्हा उलगडा झाला. राजाची सहज सुचणारी चाल केली असती, तर प्रतिपक्षाने वजिराचे बलिदान देऊन काही चालींत मात केली असती. ती मात सभागृहात कोणाला दिसली नव्हती. यंत्राला दिसली होती. माणूस ज्या चाली विचारात न घेता टाकून देतो, त्यांतच कधी कधी सत्य दडलेले असते, हा त्या प्रसंगाचा अर्थ होता. तरीही बोत्विनिक आपल्या मतापासून ढळले नाहीत.

त्यांचे चुकले कोठे? निष्णात माणसाला जे कळते, ते सारे त्याला सांगता येत नाही. कोणती चाल टाकावी याचे नियम लिहू गेले की प्रत्येक नियम कोठे तरी एखादी उत्तम चालही टाकून देतो. उलट, चोख प्रत्युत्तर सापडताच ती फांदी पुढे न तपासण्याची गणिती युक्ती आणि वर्षागणिक वाढणारा संगणकाचा वेग, या दोहोंच्या बळावर सरसकट तपासणीचा मार्ग फोफावत गेला. ‘डीप ब्लू’ सेकंदाला सुमारे वीस कोटी स्थिती तपासत असे.

शिष्यांच्या वाट्याला आलेले

बोत्विनिक यांचे ५ मे १९९५ रोजी मॉस्को येथे निधन झाले. अवघ्या नऊ महिन्यांनी, फेब्रुवारी १९९६ मध्ये, कास्पारोव ‘डीप ब्लू’शी फिलाडेल्फियात पहिला डाव हरला. तो सामना त्याने जिंकला खरा, पण पुढच्या वर्षीचा गमावला. १९६३ मध्ये सुरू झालेल्या बोत्विनिक यांच्या शाळेतून कार्पोव, कास्पारोव आणि क्रामनिक हे तीन जगज्जेते पुढे आले. दैवदुर्विलास असा, की गुरूंनी अमान्य केलेल्या यंत्रांचा मार त्यांच्याच शिष्यांना सोसावा लागला. २००६ मध्ये बॉन येथे ‘डीप फ्रिट्झ’ने क्रामनिकला चार विरुद्ध दोन गुणांनी हरविले. त्यातील दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात जगज्जेत्याच्या नजरेतून निसटली.

पुढे २०१७ च्या डिसेंबरमध्ये चक्र काहीसे उलटे फिरले. ‘अल्फाझीरो’ या आज्ञावलीला खेळाचे केवळ नियम देण्यात आले होते. स्वतःशीच कोट्यवधी डाव खेळून ती शिकली आणि त्या काळची अग्रगण्य आज्ञावली ‘स्टॉकफिश’ हिला तिने शंभर डावांच्या सामन्यात एकही डाव न गमावता अठ्ठावीस वेळा हरविले. ‘स्टॉकफिश’ सेकंदाला सुमारे सात कोटी स्थिती पाहात होती. ‘अल्फाझीरो’ केवळ ऐंशी हजार. थोडे पाहावे पण नेमके पाहावे, हे बोत्विनिक यांचे म्हणणे येथे खरे ठरले. पण त्यांच्या दुसऱ्या श्रद्धेला तडाही गेला. कारण ही नेमकी दृष्टी यंत्राला कोणा उस्तादाने दिली नव्हती, ती त्याने स्वतः कमाविली होती.

या यंत्रांनी माणसाचा खेळही पालटला. तहकुबीची प्रथा संपली. रात्री यंत्राला विचारून सकाळी खेळावयाचे, यात अर्थ उरला नाही. हरल्यात जमा धरलेल्या कित्येक स्थितींत चिवट बचाव आहे, हे यंत्राने दाखविले. कडेचे प्यादे पुढे रेटणे, दूरच्या लाभासाठी प्यादे सोडून देणे, या गोष्टी ‘अल्फाझीरो’पासून अग्रगण्य खेळाडूंनी उचलल्या. खेळ अधिक अचूक झाला, यात शंका नाही. परंतु वीस-वीस चाली घरून पाठ करून यावयाच्या, हा भारही वाढला. तो इतका, की २०२० मध्ये क्रामनिकने ‘अल्फाझीरो’च्या जनकांबरोबर किल्लेकोटाशिवाय बुद्धिबळ कसे होईल याचा अभ्यास केला. ज्याच्या गुरूने आरंभाच्या चालींच्या शास्त्रशुद्ध तयारीचा पाया घातला, त्या शिष्यालाच त्या तयारीतून सुटण्याची वाट शोधावी लागली.

उत्तर आणि आकलन

आज सामना पाहणाऱ्या नवशिक्यालाही पटाशेजारी यंत्राने दिलेला आकडा दिसतो आणि ग्रँडमास्टरने घोडचूक केली असे तो बेधडक सांगतो. ती घोडचूक का, हे मात्र त्याला सांगता येत नाही. गाइडमधले उत्तर पाठ असलेल्या विद्यार्थ्यासारखीच ही अवस्था आहे. उत्तर हाती आले म्हणजे विषय कळला, हा भ्रम जुनाच. यंत्राने तो केवळ स्वस्त आणि सार्वत्रिक केला. यंत्र उत्तर देते ते बहुधा बरोबरच असते, आणि त्यामुळेच हा भ्रम अधिक धोक्याचा.

डिसेंबर २०२४ मध्ये सिंगापूर येथे अठराव्या वर्षी जगज्जेता झालेल्या आपल्या दोम्माराजू गुकेशच्या जडणघडणीतील एक गोष्ट येथे विचारात घेण्याजोगी आहे. त्याचे प्रशिक्षक विष्णू प्रसन्ना यांनी तो जवळजवळ ग्रँडमास्टरच्या पातळीला पोहोचेपर्यंत त्याला यंत्राच्या साहाय्यापासून दूर ठेवले. आधी स्वतः गणित करावे, चुकावे, चूक शोधावी, आणि मग उत्तर पडताळावे, हा क्रम त्यांनी राखला. बोत्विनिक यांच्या शाळेतील क्रम याहून वेगळा नव्हता. शिष्यांनी आपलेच डाव टिपणांसह आणावेत आणि सर्वांसमोर त्यांची चिरफाड व्हावी, हीच तेथील मुख्य शिकवणी होती.

माणसासारखा विचार करणारे यंत्र बोत्विनिक यांना घडविता आले नाही. त्यांच्या हाती ‘पायोनियर’ अपुरीच राहिली आणि ते हा अपुरेपणा घेऊनच गेले. परंतु या उद्योगात त्यांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे माणूस पटाकडे पाहून नेमके काय पाहतो, हा निकालात निघालेला नाही. यंत्र जिंकले म्हणून तो प्रश्न अनाठायी ठरत नाही. उलट, जिंकणे यंत्राकडे गेल्यावर माणसाकडे समजून घेणे एवढेच उरते, आणि ते दुसऱ्या कोणाला आपल्यासाठी करता येत नाही. आपल्या चुकीसमोर वहीपेन्सिल घेऊन बसण्याची जी तयारी त्या हट्टी अभियंत्याने आयुष्यभर दाखविली, ती विद्यार्थ्यांत रुजली, तर खिशातील यंत्र त्यांचा चांगला सोबती होईल. नाही रुजली, तर ते यंत्र जिंकत राहील आणि विद्यार्थी केवळ आकडे वाचत राहतील.